सोसायटीत जीके क्विझ घ्यायचीय? प्रश्न कुठले काढायचे आणि उत्तरं कशी पटवायची

गणपतीच्या आधीची सोसायटीची मीटिंग कशी असते माहितीये ना, संगीत खुर्ची एकाने घेतली, पाककला काकूंनी घेतली, पोरांचा फॅन्सी ड्रेस कोणाच्या तरी गळ्यात पडला आणि मग कोणीतरी म्हणतं "अरे यंदा जनरल नॉलेजची क्विझ ठेवूया की", सगळे माना डोलावतात आणि जो गप्प बसलाय त्याच्याकडे बघतात. तो गप्प बसलेला माणूस तुम्ही असाल तर पुढचं वाचा. आधी कधी क्विझ घेतलेली नसली तरी काही अडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभंय. क्विझला खरा रंग चढतो तो उत्तर सांगितल्यावर. समोरचा "काहीही काय!" म्हणतो आणि तुम्ही त्याला दोन मिनिटांत ते पटवून देता, तेवढ्यासाठी लोक बसून राहतात. म्हणून जो प्रश्न तुम्हाला स्वतःला नीट समजावता येत नाही तो कितीही भारी वाटला तरी कटाप.

स्टेप १ : समोर कोण बसणारे ते बघा

पुण्यात एक जास्तीची अडचण असते. प्रेक्षकांत कुठेतरी मागे एक एमपीएससीवाला दादा किंवा ताई बसलेली असते, जी दिवसभर शास्त्री रोडच्या अभ्यासिकेत असते आणि संध्याकाळी फक्त प्रसादाला आलेली असते. तुम्ही "संविधान सभेचे अध्यक्ष कोण" असलं काही विचारलं की प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर येणार आणि बाकीचे पन्नास लोक मोबाईल काढणार. म्हणजे पाठांतराचे प्रश्न बाद. दुसऱ्या टोकाला, अगदी कोणालाच माहीत नसलेलं काहीतरी विचारलं, की लोक "असेल बाबा" म्हणून सोडून देतात.

मधला प्रश्न पाहिजे. सगळ्यांना वाटतं आपल्याला येतंय, छातीठोकपणे सांगतात आणि चुकतात. हे तपासायची सोपी पद्धत म्हणजे घरातल्या दोघातिघांना वेगवेगळं गाठून तो प्रश्न विचारा, सगळ्यांनी पटकन एकच चुकीचं उत्तर दिलं तर तो प्रश्न सोन्यासारखा, वहीत लिहून ठेवा.

उदाहरण घ्या. सूर्यमालेतला सगळ्यात गरम ग्रह कुठला? दहातले आठ जण बुध म्हणणार, कारण तो सूर्याच्या सगळ्यात जवळ. उत्तर शुक्र. बुधावर दिवसा साधारण ४३० अंश सेल्सियस तापतं खरं, पण तिथे धरून ठेवायला हवाच नाही म्हटल्यावर रात्री तेच तापमान उणे १८० पर्यंत कोसळतं. शुक्रावर कार्बन डायऑक्साइडचं जाडजूड वातावरण आहे, आत आलेली उष्णता बाहेर जायलाच मिळत नाही, उन्हात काचा बंद करून ठेवलेल्या गाडीत होतं तसं, त्यामुळे दिवस असो रात्र असो, साधारण ४६५ अंश. शिसं वितळेल एवढं. आणि हीच ती आपली संध्याकाळी दिसणारी शुक्राची चांदणी, हे शेवटी नक्की सांगा, काकू लोकांना तिथे धक्का बसतो.

पोरांसाठी असाच एक : महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता? सगळी पोरं एका सुरात "वाघ!" ओरडतात. वाघ देशाचा. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू, म्हणजे ती मोठी तांबूस खार, लांब झुपकेदार शेपटीची, जी झाडावरून खाली फारशी उतरतच नाही. आणि ती बघायला लांब कुठे जायला नको, आपल्याच जिल्ह्यातलं भीमाशंकर तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. हा प्रश्न मोठ्यांच्या राउंडला ठेवू नका, एमपीएससीवाला दादा झोपेतही सांगेल.

स्टेप २ : लांबची माहिती जवळच्या वस्तूवरून विचारा

नवीन माणूस क्विझ काढायला बसला की पहिलं गुगल करतो आणि अ‍ॅमेझॉनचं जंगल, टायटॅनिक, व्हॅटिकन असले प्रश्न गोळा करतो. वाईट नाहीत, पण ज्या गोष्टीला लोकांचा रोज हात लागतो तिच्याबद्दल काही विचारलं की ऐकणारे पुढे सरकून बसतात.

माझा सगळ्यात आवडता प्रश्न खिचडीचा. विचारायचं असं : "उपासाच्या साबुदाणा खिचडीत साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि हिरवी मिरची असते. यातल्या किती गोष्टी ज्ञानेश्वरांच्या काळात महाराष्ट्रात मिळत होत्या?" लोक आपापसात भांडायला लागतात, कोणी म्हणतं बटाटा नसेल, कोणी म्हणतं मिरची तर असणारच ना हो, आपला ठेचा काय कालचा आहे का. उत्तर शून्य. एकही नाही.

आता समजवायचं कसं. आपला साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका, म्हणजे कसावा, मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि आज आपल्याकडे येणारा बराचसा साबुदाणा तमिळनाडूत सेलमच्या भागात बनतो. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिथल्याच अँडीज डोंगरातला, पेरू-बोलिव्हियाच्या बाजूचा. मिरची मेक्सिकोकडची. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ मध्ये, वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये, आणि त्यानंतर ही सगळी मंडळी जहाजातून आपल्याकडे यायला लागली. ज्ञानेश्वर तेराव्या शतकातले, म्हणजे त्यांच्या काळात तिखट लागायला मिरी, आलं, पिंपळी एवढंच. (कोणी हुशार काका उठून म्हणतील की साबुदाणा तर ताडासारख्या झाडाच्या खोडातून निघतो. त्यांचंही बरोबर आहे, आग्नेय आशियातला अस्सल सागो तसाच निघतो, फक्त आपल्या खिचडीत तो नसतो.) आजीबाईंना लगेच सांगून टाका की याने उपास मोडत नाही, नाहीतर क्विझ बाजूला राहते आणि धर्मचर्चा सुरू होते.

दुसरा प्रश्न खिशातला. "नोटेवर सही कोणाची असते?" रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, बरोबर. "सगळ्या नोटांवर?" इथे लोक अडकतात. एक रुपयाच्या नोटेवर केंद्र सरकारच्या अर्थसचिवांची सही असते, कारण ती नोट रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते, त्यामुळे "मैं धारक को" वालं वचन पण तिच्यावर नसतं. ही नोट आता हातात फारशी येत नाही म्हणून कोणाकडून तरी एखादी मिळवून ठेवा आणि फिरवा, बघितल्यावर पटतं. जोडप्रश्न म्हणून दहाच्या नोटेवर एकूण किती भाषा आहेत ते विचारा. मागच्या पट्ट्यात १५, शिवाय हिंदी आणि इंग्रजी, म्हणजे १७. पोरं नोट घेऊन मोजत बसतात, तेवढ्यात तुम्ही पाणी पिऊन घ्या.

पिनकोडचाही मस्त आहे. पुण्याचा पत्ता ४११ ने सुरू होतो हे सगळ्यांना पाठ, पण का? पहिला आकडा विभागाचा, ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड, पहिले तीन मिळून टपालाची छाननी होणारा जिल्हा आणि शेवटचे तीन तुमचं पोस्ट ऑफिस. म्हणून सदाशिव पेठ ४११०३० आणि कोथरूड ४११०३८. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर, मराठी माणूस, वर संस्कृतमधले कवी. हे सांगितलं की टाळ्या येतातच, पुणं आहे शेवटी.

आणि खास पुणेकरांना गप्प करायचं असेल तर शिवाजीनगरचं सिमला ऑफिस. रोज तिथून बस पकडणाऱ्या माणसाला विचारा, पुण्यात सिमला कुठून आलं? हवामान खातं १८७५ मध्ये सुरू झालं, त्याचं मुख्यालय कलकत्त्याहून १९०५ मध्ये सिमल्याला गेलं आणि १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, सिमल्याहून आलेलं ऑफिस म्हणून लोक सिमला ऑफिस म्हणायला लागले. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेलं पण नाव चौकाला चिकटून राहिलं. जन्मापासून पेठेत राहणाऱ्यांनाही हे माहीत नसतं आणि ते कबूल करत नाहीत, "हो हो, ऐकलंय मी" म्हणतात.

स्टेप ३ : प्रश्नाचे शब्द आवळा

भांडणं इथेच होतात, त्यामुळे या स्टेपला वेळ द्या.

"भारतात पहिली रेल्वे कधी धावली?" असं विचारलंत तर तुम्ही १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, असं कार्ड घेऊन उभे असता आणि एखादे रेल्वेतून रिटायर झालेले काका उठतात, सांगतात की मद्रासजवळ रेड हिल्सला दगड वाहायला १८३७ मध्येच रुळांवर गाडी होती आणि रुरकीला कालव्याच्या कामावर १८५१ मध्ये इंजिन चालत होतं. आणि ते बरोबर असतात. "पहिली प्रवासी रेल्वे" एवढा एक शब्द घातला असता तर काकांना उठायला लागलं नसतं. (खरंतर काकांना उठू द्यावं. पण मार्क द्यायची वेळ येते तेव्हा पंचाईत होते.)

सिनेमाचंही तेच. पहिला भारतीय चित्रपट म्हटलं की फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र, १९१३. पण दादासाहेब तोरण्यांचा श्री पुंडलिक १९१२ मध्येच दाखवला गेला होता, तो एका नाटकाचं चित्रीकरण होता म्हणून बरेच जण त्याला धरत नाहीत. तेव्हा "पूर्ण लांबीचा पहिला भारतीय कथापट" असं लिहा आणि पुंडलिकची गोष्ट समजावताना सांगा.

सगळ्यात उंच पर्वत हा तर सापळाच आहे. समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट, ८,८४९ मीटर, वाद नाही. पायथ्यापासून मोजलं तर हवाई बेटावरचा मौना केआ, दहा हजार मीटरच्या वर, फक्त त्याचा निम्म्याहून जास्त भाग समुद्रात बुडालेला. आणि पृथ्वीच्या मध्यापासून सगळ्यात लांब असलेलं शिखर पाहिजे असेल तर इक्वेडोरमधला चिंबोराझो. त्याची उंची फक्त ६,२६३ मीटर, पण पृथ्वी पोटाशी फुगलेली आहे, विषुववृत्तावर मध्यापासूनचं अंतर ध्रुवांपेक्षा साधारण २१ किलोमीटरने जास्त भरतं, चिंबोराझो जवळपास त्या फुगवट्यावरच उभा आहे, त्यामुळे तो एव्हरेस्टला तब्बल २ किलोमीटरने मागे टाकतो. एकाच प्रश्नाची तीन खरी उत्तरं, फक्त कुठून मोजता ते बदललं. मी हा प्रश्न मुद्दाम सैल विचारतो, तिघांनी तीन उत्तरं दिली की तिघांनाही मार्क देतो आणि मग सांगतो की का दिले. पण हे एकदाच करायचं, दर प्रश्नाला केलंत तर लोक वैतागतात.

वाळवंटाचा पण आवळून घ्या. "सगळ्यात मोठं वाळवंट" म्हटलं की सहारा. पण पाऊस-बर्फ किती पडतो यावरून वाळवंट ठरवलं तर अंटार्क्टिका, जवळजवळ १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, सहारा साधारण ९० लाख. म्हणून "सगळ्यात मोठं उष्ण वाळवंट" की नुसतं "सगळ्यात मोठं", ते आधी ठरवा.

शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो हा प्रश्नही असाच. स्वतःभोवती एक फेरी २४३ पृथ्वी-दिवसांत, सूर्याभोवती २२५ दिवसांत, म्हणजे वाक्य बरोबर. पण एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत मोजलं तर तिथे साधारण ११७ दिवसच लागतात, कारण तो उलटा फिरतो. म्हणून "दिवस" न म्हणता "स्वतःभोवतीची एक फेरी" म्हणा.

आणि एक प्रश्न तर विचारूच नका, निदान पुण्यात आणि निदान गणपतीच्या मांडवात तरी : पहिला सार्वजनिक गणपती कोणी आणि कधी बसवला. १८९२ की १८९३, भाऊसाहेब रंगारी की टिळक, यावर गावात मोठमोठी माणसं भांडलेली आहेत, तुमच्या क्विझमध्ये ते मिटणार नाही.

स्टेप ४ : फॉरवर्ड आलेलं काहीही थेट घेऊ नका

वॉट्सॅपवर फिरणारं जनरल नॉलेज हे नॉलेज कमी आणि जनरल जास्त असतं. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, असं आपल्याला शाळेत पण सांगितलेलं. भिंत हजारो किलोमीटर लांब असेल पण रुंदी काही मीटरच, आणि रंग आजूबाजूच्या मातीसारखा. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरच्या पलीकडे, तिथून कसली दिसतेय. चीनचाच पहिला अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये पृथ्वीभोवती फिरून आला आणि त्याने सांगितलं की मला काही भिंत दिसली नाही.

हॉकी राष्ट्रीय खेळ, हाही तसलाच. केंद्राच्या क्रीडा खात्याने २०१२ मध्ये माहिती अधिकारात उत्तर दिलं होतं की कुठल्याच खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेलं नाही. माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, बैल लाल रंग बघून चिडतो, उंटाच्या मदारीत पाणी असतं, ही सगळी त्याच माळेतली. बैलाला लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही, तो कापडाच्या हलण्यावर धावून जातो, आणि उंटाच्या मदारीत चरबी असते. या खोट्या गोष्टी फेकून मात्र देऊ नका हां, यांचाच "खरं की खोटं" असा राउंड करा, लहान मुलं यात मोठ्यांना हरवतात.

पडताळायचं कसं, तर एकमेकांवरून कॉपी न केलेल्या दोन जागा बघायच्या. सरकारी खात्याची वेबसाइट, विश्वकोश, शाळेचं नवं पुस्तक, असं काहीतरी. आणि आकडा कधीचा आहे तेही बघा, कारण काही उत्तरं शिळी होतात. एव्हरेस्टची उंची आपण ८,८४८ शिकलो, नेपाळ आणि चीनने २०२० मध्ये मिळून ८,८४८.८६ जाहीर केली. सगळ्यात जास्त चंद्र कोणाला यात गुरू आणि शनीची चढाओढ चालू होती, मग मार्च २०२५ मध्ये शनीच्या खात्यात एकदम १२८ नवे चंद्र जमा झाले आणि त्याचा आकडा २७४ वर गेला. जुन्या पुस्तकातून प्रश्न उचलला की असे प्रश्न अंगाशी येतात.

स्टेप ५ : करून दाखवता येतील असे दोनतीन प्रश्न ठेवाच

इथे क्विझचा मूड बदलतो. नुसतं ऐकून कंटाळलेली पोरं उठून पुढे येतात.

पहिला, वाढदिवसाचा. विचारा : "एका खोलीत किती माणसं असली की त्यातल्या कोणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असायची शक्यता निम्म्याहून जास्त होते?" लोक ३६५ चे निम्मे करून १८३ म्हणतात. उत्तर २३. फक्त २३! कोणी मानत नाही. समजवायचं असं की तुम्ही तुमच्या वाढदिवसाला जोडीदार शोधत नाही आहात, कोणाचीही कोणाशी जुळली तरी चालतेय, आणि २३ माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात २५३. एवढ्या जोड्यांत एखादी जुळणं अवघड नाही. ५० माणसं असली तर शक्यता ९७ टक्के. मांडवात पन्नास जण असतातच, महिना पुकारत जा, हात वर करायला लावा, बहुतेक वेळा जोडी सापडतेच. आपल्याकडे तर एक जास्तीची सोय आहे, जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांचा शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकून दिलाय, त्यामुळे चार आजोबा एकदम हात वर करतात आणि हसाहशी होते. गणित करताना मात्र आजोबांना वगळून खरी तारीख विचारा.

दुसरा, कागदाचा. साध्या कागदाची घडी घालत गेलो, दर वेळी निम्मी, तर किती घड्यांत तो चंद्रापर्यंत पोचेल? कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर धरा. लोक लाख, कोटी म्हणतात. उत्तर ४२. दर घडीला जाडी दुप्पट होते, १० घड्यांनंतर दहा सेंटिमीटर, २० नंतर शंभर मीटरच्या वर, ३० नंतर १०७ किलोमीटर, म्हणजे अंतराळ सुरूच झालं, आणि ४२ नंतर जवळजवळ ४ लाख ४० हजार किलोमीटर. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजारावर आहे, म्हणजे त्याला ओलांडून पुढे. मग सगळ्यांना एकेक रद्दीचा कागद द्या आणि म्हणा घाला घड्या. सहाव्या-सातव्या घडीला मोठे मोठे जिमवाले पण लाल होतात. अमेरिकेत एका शाळकरी मुलीने २००२ मध्ये लांबच लांब कागद घेऊन १२ घड्या घालून दाखवल्या होत्या, तेवढं सांगितलं की पोरं दुसऱ्या दिवशी टॉयलेट पेपर मागायला लागतात, त्याला माझा इलाज नाही.

तिसरा दोरीचा आणि हा माझ्या मते सगळ्यात भारी. पृथ्वीच्या पोटाभोवती घट्ट दोरी बांधली, साधारण ४०,००० किलोमीटर लांब. आता त्या दोरीत फक्त १ मीटर दोरी जोडली आणि सगळीकडून सारखी वर उचलली, तर ती जमिनीपासून किती वर येईल? इंजिनियर लोकं पण म्हणतात काही नाही हो, केसाएवढी. उत्तर जवळपास १६ सेंटिमीटर. मांजर आरामात खालून जाईल. कारण परिघ म्हणजे त्रिज्येच्या ६.२८ पट, त्यामुळे परिघ १ मीटरने वाढवायला त्रिज्या १ भागिले ६.२८ एवढीच वाढायला लागते, गोळा पृथ्वी असो नाहीतर फुटबॉल. फुटबॉल आणा, सुतळी गुंडाळा, एक मीटर जास्तीची जोडा आणि पट्टीने मोजून दाखवा, तेच १६ येतं. तरी काही जण मानत नाहीत. त्यांना सुतळी घरी न्यायला द्या.

चौथा प्रश्न मांडवात दाखवता येत नाही पण उन्हाळी शिबिरासाठी राखून ठेवा : पुण्यात सूर्य दुपारी बारा वाजता बरोब्बर डोक्यावर कधी येतो? रोज, असं उत्तर येतं. पुणं साडेअठरा अंश अक्षांशावर आहे, आणि सूर्य नेमका डोक्यावर वर्षातून दोनच दिवस येतो, एकदा मेच्या मध्याला आणि एकदा जुलैच्या शेवटी, जुलैत बहुतेक ढगच असतात. त्या दिवशी उभ्या खांबाची सावली गायब होते. आणि तेही बाराला होत नाही, साडेबारा उलटल्यावर होतं, कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे आणि पुणं त्याच्या बऱ्याच पश्चिमेला. दिल्लीत तर सूर्य नेमका डोक्यावर कधीच येत नाही, ती कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. मे महिन्यात गच्चीवर एक पाइपचा तुकडा उभा करा आणि पोरांना बसवा.

स्टेप ६ : क्रम, मार्क आणि बाकीचं

हे पटकन. तासाभराला पंधरा-वीस प्रश्न पुष्कळ झाले, समजवायला वेळ लागतो. पहिले दोनतीन सोपे, करून दाखवायचे मधे, खिचडी शेवटाकडे कारण तिच्यानंतर लोक बोलतच राहतात. निगेटिव्ह मार्क नकोत, सोसायटीत रोज तोंडं बघायची असतात. टीममध्ये एक आजी-आजोबा, एक शाळकरी आणि मधले दोन असं मिसळून करा, नाहीतर सगळे आयटीवाले एका टीममध्ये जाऊन बसतात. मोबाईल एका ताटात गोळा करा, ताटाजवळ सेक्रेटरींना बसवा.

मधे मधे फेकायला काही छोटे प्रश्न हाताशी ठेवा ज्यांना फार समजवायला लागत नाही. ऑक्टोपसला हृदयं किती, तीन, आणि रक्त निळसर. मोठ्या माणसात २०६ हाडं, मग नुकत्याच जन्मलेल्या बाळात जास्त की कमी, जास्त, पुढे ती एकमेकांना जुळत जातात. वनस्पतिशास्त्राप्रमाणे केळं बेरी आहे, टोमॅटो आणि वांगंही, आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मात्र बेरी नाही, तिच्यावरचे ते बारीक दाणे हीच तिची खरी फळं. फ्रान्सची सगळ्यात लांब जमिनीवरची सीमा कोणाशी, ब्राझीलशी, कारण दक्षिण अमेरिकेतलं फ्रेंच गयाना हा फ्रान्सचाच भाग. क्लिओपात्रा काळाने कोणाच्या जास्त जवळ, गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्यांच्या की चंद्रावर उतरणाऱ्यांच्या? चंद्रवाल्यांच्या. पिरॅमिड तिच्या जन्माच्या जवळजवळ अडीच हजार वर्षं आधीचा, आणि १९६९ तिच्या मृत्यूनंतर दोन हजार वर्षांनी.

हरकत कोणी घेतली, घेणारच, तर कागद हातात ठेवा, कुठून घेतलं ते वाचून दाखवा, आणि तरीही समोरचा ऐकत नसेल तर तो प्रश्न रद्द करून पुढे जा. आयोगाच्या उत्तरतालिकेतले प्रश्न रद्द होतात तर आपले व्हायला काय हरकत आहे, एमपीएससीवाल्या दादाला हे वाक्य फार आवडतं.

बरोबरी झाली तर टायब्रेकरला आकड्याचा प्रश्न टाका, प्रत्येक टीमने चिठ्ठीवर अंदाज लिहायचा, जवळचा जिंकतो, म्हणजे पुन्हा बरोबरी व्हायची भीती कमी. इतिहासातलं सगळ्यात छोटं युद्ध किती मिनिटं चाललं, हा चालतो, २७ ऑगस्ट १८९६, ब्रिटन विरुद्ध झांझिबार, साधारण ३८ मिनिटं. पण "साधारण" आलं की कोणीतरी अडून बसतो, त्यामुळे मी नारायणगावजवळ खोडदला असलेल्या रेडिओ दुर्बिणीचा विचारतो, तिथल्या एका तबकडीचा व्यास किती मीटर. ४५ मीटर, आणि अशा ३० आहेत, पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. बहुतेक टीम दहा-बारा लिहितात. जिंकलेल्यांना बाकरवडीचं पाकीट द्या, हरलेल्यांनाही एक छोटं द्या.